संगणकातील होस्ट्स फाईल आणि मंदावलेले इंटरनेट



संगणक ही आता केवळ कचेरीतील वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीचा अर्ज, सातबारा, वीजबिल, नोकरीची जाहिरात, सारे त्याच एका पडद्यावर येऊन थांबले आहे. त्यामुळे इंटरनेट मंद झाले म्हणजे करमणूक थांबली एवढाच त्याचा अर्थ उरत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते मंद झाले तर एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष अडते. इंटरनेट मंद होण्याची कारणे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच कारणाचा विचार करावयाचा आहे. कारण ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते दूर करण्यास एक पैसाही लागत नाही. ते कारण म्हणजे संगणकातील ‘होस्ट्स’ नावाच्या एका लहानशा फाईलमध्ये कोणीतरी केलेला बदल.

मी कला शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. तरी दिवसाचे आठ तास संगणकासमोर जातात, आणि जे कळले ते आपल्यासारख्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो. इंग्रजी नावे व आकडे येथे देवनागरीत छापले आहेत. यंत्रावर ते रोमन लिपीतच टाईप करावयाचे, एवढे लक्षात ठेवावे.

प्रथम नाव आणि क्रमांक यांतील संबंध समजून घेतला पाहिजे. आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. पाकिटावर ‘मु. नागाव, जि. रायगड’ एवढेच लिहिले तर टपाल कोठे जावे? एक नागाव आपले, अलिबाग तालुक्यातले. दुसरे नागाव याच जिल्ह्यात उरण तालुक्यात. माणसाला नाव पुरते, व्यवस्थेला क्रमांक लागतो. आपल्याकडचा पिनकोड ४०२ ने सुरू होतो, उरणकडचा ४०० ने, आणि तेवढ्यावर दोन नागावांचा घोळ मिटतो. ही पिनकोडची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक होते टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर. भाषेच्या माणसाने आकड्यांची एवढी मोठी व्यवस्था लावली, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

इंटरनेटवरही हाच प्रकार आहे. आपण संकेतस्थळाचे नाव टाईप करतो, परंतु यंत्रे एकमेकांना ओळखतात ती क्रमांकाने. हा क्रमांक टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचा असतो व त्यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यान असतो. (हल्ली त्याच्या जोडीला आणखी एक लांबलचक क्रमांक आला आहे, पण त्यात शिरावयास नको.) तेव्हा नाव टाईप केल्यापासून पान उघडेपर्यंत पहिले काम म्हणजे त्या नावाचा क्रमांक शोधणे.

पूर्वी हे शोधकाम फार सोपे होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत आर्पानेट नावाचे जाळे होते आणि त्यात संगणकच मोजके होते. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालचे कार्यालय सगळ्या संगणकांची नावे व क्रमांक यांची एकच यादी ठेवीत असे. नवा संगणक आला की त्या कार्यालयास कळवावयाचे, आणि बाकीच्यांनी वेळोवेळी ती यादी उतरवून घ्यावयाची. त्या यादीचेच नाव होस्ट्स. संगणक वाढले तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी दुसरी व्यवस्था आखली. तीत एकच यादी नसते. जगभर वाटलेल्या नोंदवह्या असतात व जो तो आपापल्या विभागाची वही अद्ययावत ठेवतो. यालाच डीएनएस म्हणतात. विदेश संचार निगमने सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी (पिनकोडचीच तारीख, हा योगायोग), तोवर जुनी यादी केव्हाच मागे पडली होती. पण ती पुसली गेली नाही. आजच्या प्रत्येक विंडोज संगणकात तिचा अवशेष आहे, आणि संगणक बाहेर विचारण्यापूर्वी अजूनही त्या अवशेषाकडेच पाहतो.

बँकेतील दाखला देतो. जुन्या कारकुनाच्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी असे. हेड ऑफिस, क्लिअरिंग, शेजारची शाखा, यांचे दूरध्वनी क्रमांक तीवर लिहिलेले. क्रमांक हवा असला की तो प्रथम काचेखाली पाही. तेथे नसला तरच डिरेक्टरी काढी. फार सोयीची गोष्ट. परंतु शेजारच्या शाखेचा क्रमांक बदलला तर? डिरेक्टरीत नवा क्रमांक छापून येई, पण काचेखाली जुनाच राही, आणि साहेब बराच वेळ बंद पडलेला फोन फिरवीत बसत. होस्ट्स फाईल म्हणजे ही काचेखालची चिठ्ठी व डीएनएस म्हणजे डिरेक्टरी. फरक एवढाच की माणसाला शंका येऊन तो शेवटी डिरेक्टरी उघडतो. संगणकाला शंका येत नाही. चिठ्ठीवर नाव सापडले की तो पुढे कोणालाही विचारीत नाही.

आता प्रत्यक्ष प्रकार सांगतो. आपल्या मंडळाच्या संगणकावर मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. अर्जांची मुदत संपत आली असताना तो संगणक इतका मंद झाला की एकेक पान उघडावयास मिनिट मिनिट लागू लागले, आणि अर्जाचे पान तर उघडेचना. पडद्यावर नुसते चक्र फिरत राही. कोणी म्हणे लाईन बदला, कोणी म्हणे राऊटर बदला. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि ‘फॉरमॅट मारावे लागेल’ एवढे सांगून दर सांगितला. त्या संगणकात मुलांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले व गुणपत्रिका स्कॅन करून ठेवल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. मुदतीच्या तोंडावर ते सारे कागद पुन्हा गोळा करावयाचे म्हणजे काही मुलांचा अर्ज राहिलाच असता.

लाईनचा दोष नाही हे मात्र दोन मिनिटांत कळण्यासारखे होते. त्याच वायफायवर एका मुलीच्या साध्या मोबाईलमध्ये तेच पान लगेच उघडले. पहिली परीक्षा हीच, आणि ती प्रत्येकाने करावी. आपल्याकडे शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी झाली की मोबाईलचे जाळे रेंगाळते, हा अनुभव सर्वांचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले त्यानंतर तर वीज आणि फोन दोन्ही गेले होते. अशा वेळी घरातली सगळीच यंत्रे एकदम अडतात. परंतु एक यंत्र अडते व त्याच वायफायवरचे दुसरे चालते, तेव्हा दोष लाईनमध्ये नसतो, त्या यंत्रात असतो.

मग त्या यंत्रात अलीकडे काय बदलले याची चौकशी केली. मंडळाच्याच एका तरुण कार्यकर्त्याने, लहान मुले तेथे बसतात म्हणून, अश्लील व जुगाराची संकेतस्थळे बंद करणारी एक तयार यादी होस्ट्स फाईलमध्ये टाकली होती. हेतू उत्तम. शिवाय शिष्यवृत्तीचे पान मुदतीच्या दिवसांत सावकाश उघडते म्हणून, कोणीतरी सुचविल्यावरून, त्या संकेतस्थळाचा क्रमांकही त्याने तेथे पक्का लिहून ठेवला होता. क्रमांक शोधण्याचा वेळ वाचेल, ही कल्पना. वस्तुतः तो शोध एरवी सेकंदाच्या लहानशा भागात होतो आणि त्याचे उत्तर संगणक काही काळ लक्षातही ठेवतो. म्हणजे वाचण्यासारखे तेथे फारसे काही नव्हतेच.

या दोन गोष्टींनी इंटरनेट कसे मंदावते ते नीट पाहू, कारण सारी मेख यातच आहे.

पक्क्या लिहिलेल्या क्रमांकाचे प्रथम घेऊ. मोठी संकेतस्थळे आपला क्रमांक वेळोवेळी बदलतात. कित्येकांचे तर एकाहून अधिक क्रमांक असतात, आणि ज्याला जो जवळचा पडेल तो डीएनएस त्याला देते. आपण एक क्रमांक लिहून टाकला की ही सारी सोय आपल्यापुरती बंद. तो क्रमांक दूरच्या यंत्राचा असेल तर पान सावकाश येईल. तो वापरातून गेला असेल तर संगणक तेथे हाक मारील, उत्तर येणार नाही, पुन्हा हाक मारील. विंडोज अशा वेळी साधारण वीस-एकवीस सेकंद वाट पाहून मग नाद सोडते. एका पानात अशा दोन-तीन हाका असल्या की मिनिट गेलेच. वापरणाऱ्यास वाटते, नेट स्लो आहे. नेट स्लो नसते. बंद दारावर थाप मारणे चाललेले असते.

यादीचा प्रकार वेगळा. होस्ट्स फाईलला ‘या नावाची सगळी पाने’ असे एकदम सांगता येत नाही. प्रत्येक नावाला स्वतंत्र नोंद लागते. म्हणून अशा याद्या फुगतात व लाखाच्या घरात जातात. नव्या संगणकात ही फाईल एक किलोबाईटहूनही लहान असते. मंडळाच्या संगणकात ती साडेतीन मेगाबाईट झाली होती. विंडोजमध्ये ‘डीएनएस क्लायंट’ नावाचा एक कारभारी सतत काम करीत असतो. तो ही सगळी फाईल वाचून स्मरणात ठेवतो. काही हजार ओळी असल्या तर त्याचे काही बिघडत नाही. लाखभर ओळी झाल्या की जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रात तोच गुदमरतो, आणि संगणक सुरू केल्यानंतर बराच वेळ कोणतेही पान हलत नाही. पूर्वी यावर त्या कारभाऱ्यालाच बंद करण्याचा उपाय सांगत. विंडोज १० आणि ११ मध्ये नेहमीच्या खिडकीतून त्याला बंद करता येत नाही, आणि तशा खटपटीत पडूही नये. यादी लहान करणे हाच सरळ उपाय.

यादीत आणखी एक बारीक गोष्ट असते. नको असलेल्या नावापुढे कोणता क्रमांक लिहिला आहे? पुष्कळ जुन्या याद्यांत १२७.०.०.१ असतो. याचा अर्थ ‘माझा मीच’. संगणक मग स्वतःच्याच दारावर थाप मारतो, आतून नकार येतो, आणि विंडोज तो नकार लगेच न मानता पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक वेळी सेकंद-दोन सेकंद जातात. जाहिरातींनी भरलेल्या पानावर अशी बरीच नावे असतात. त्याऐवजी ०.०.०.० लिहिले तर असा पत्ताच नाही हे तेथल्या तेथे कळते आणि खोळंबा होत नाही. काही वेळा यादी करणारा अति उत्साहाने अशी नावे बंद करतो की ज्यांवर चांगले पान अवलंबून असते. मग अर्ज उघडतो, पण खालची वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची चौकट येत नाही, आणि चक्र फिरत राहते. हेही मंद इंटरनेट म्हणूनच ओळखले जाते.

आता तपासणी. होस्ट्स फाईल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टीम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, या कप्प्यांत असते. उघडण्यासाठी नोटपॅडवर उजवे बटन दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे, नाहीतर बदल जतन होत नाहीत. काहीही करण्यापूर्वी मूळ फाईलची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. ज्या ओळीच्या आरंभी हॅश हे चिन्ह असते ती संगणक वाचत नाही. नव्या विंडोजमधील मूळ फाईलमध्ये सगळ्याच ओळी अशा हॅशच्या असतात. म्हणजे व्यवहारात ती रिकामीच. तेव्हा हॅश नसलेली जी ओळ दिसेल ती कोणीतरी नंतर घातलेली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

एखाद्या ओळीची शंका असेल तर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून दोन प्रश्न विचारावेत. ‘पिंग’ लिहून जागा सोडून संकेतस्थळाचे नाव दिले की संगणक कोणता क्रमांक धरून बसला आहे ते पहिल्याच ओळीत दिसते. मग ‘एनएसलुकअप’ लिहून तेच नाव द्यावे. हा दुसरा प्रश्न काचेखालच्या चिठ्ठीकडे न पाहता सरळ डिरेक्टरीला जातो. दोन्ही उत्तरे जुळली तर ठीक. न जुळली तर होस्ट्स फाईलमध्ये त्या नावाची ओळ शोधावी. (मोठ्या संकेतस्थळांचे क्रमांक एरवीही बदलते असतात, म्हणून नुसता फरक दिसला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नाही, ओळ सापडली पाहिजे.)

यादी लांब असेल आणि नेमकी कोणती ओळ आड येते ते कळत नसेल, तर आम्ही बँकवाले संध्याकाळी हिशेब जुळत नसला म्हणजे करतो तेच करावे. सगळी व्हाउचरे एकदम तपासावयाची नाहीत. अर्धी बाजूला ठेवावी आणि फरक कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहावे. मग त्याचे पुन्हा अर्धे. लाख ओळींची यादीसुद्धा अशा सतरा फेऱ्यांत एका ओळीवर येते. प्रत्येक फेरीनंतर ‘आयपीकॉन्फिग’, जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘फ्लशडीएनएस’ अशी आज्ञा द्यावी, म्हणजे संगणकाच्या स्मरणातील जुनी उत्तरे पुसली जातात. ब्राउझरही बंद करून पुन्हा उघडावा; त्याचे स्मरण निराळे असते.

मंडळाच्या संगणकावर इतके करण्याची गरजच पडली नाही. फाईलची प्रत बाजूला ठेवली, शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाची ओळ हॅश लावून बंद केली आणि अर्जाचे पान उघडले. यादी काढल्यावर बाकीची पानेही पूर्ववत झाली. दाखले जागच्या जागी राहिले व अर्ज मुदतीत गेले. त्या कार्यकर्त्यास कोणी बोल लावला नाही, आणि लावावयासही नको होता. त्याने काय बदलले ते त्याला आठवत होते, म्हणूनच तर काम झाले.

फाईल परत लिहिताना दोन ठिकाणी चुका होतात. नोटपॅड आपल्या सवयीने नावापुढे ‘टीएक्सटी’ जोडते. तसे झाले तर संगणक ती फाईल ओळखत नाही. दुसरे, जतन करताना ‘एन्कोडिंग’ विचारले तर ‘यूटीएफ-१६’ हा प्रकार घेऊ नये. एएनएसआय किंवा साधे यूटीएफ-८ ठेवावे. मराठीच्या अभिमान्यांसाठी एक माहिती: २०१४ पासून ‘.भारत’ या शेपटाची देवनागरी नावे मिळू लागली, परंतु होस्ट्स फाईलमध्ये ती देवनागरीत लिहून चालत नाहीत. त्या नावाचे ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे रोमन रूप लिहावे लागते. देवनागरी दारावर आली, घरात अजून आलेली नाही.

होस्ट्स फाईलमधील ओळ नेहमीच आपल्या माणसाने घातलेली असते असे नाही, आणि येथे मला बँकेतला माणूस म्हणून आग्रहाने सांगावयाचे आहे. जानेवारी २००४ मध्ये पसरलेल्या ‘मायडूम’ या घातक प्रोग्रामच्या दुसऱ्या आवृत्तीने याच फाईलमध्ये ओळी घालून लोकांचे व्हायरसविरोधी कंपन्यांकडे जाणारे रस्ते बंद केले होते. त्याच युक्तीने बँकेच्या नावापुढे चोराच्या यंत्राचा क्रमांकही लिहिता येतो. वर पट्टीत नाव बँकेचेच दिसेल, पान मात्र दुसऱ्याचे. आजचे ब्राउझर अशा वेळी प्रमाणपत्र जुळत नसल्याची धोक्याची सूचना देतात. ती सूचना डावलून पुढे कधीही जाऊ नये. होस्ट्स फाईलमध्ये कोणत्याही बँकेचे नाव असण्याचे घरगुती संगणकात काहीच कारण नाही. दिसल्यास ती ओळ काढावी, संगणक व्हायरससाठी तपासून घ्यावा, आणि तोवर त्यावर पैशाचा व्यवहार करू नये. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावा. बँकेच्या आतल्या संगणकांची गोष्ट निराळी, तेथे त्या खात्याच्या माणसांनी सांगितल्याखेरीज हात लावू नये.

उलट प्रकारही घडतो. विंडोजचा स्वतःचा पहारेकरी ‘डिफेंडर’ २०२० पासून, मायक्रोसॉफ्टचीच नावे बंद करणाऱ्या ओळी या फाईलमध्ये दिसल्या की धोका म्हणून दाखवितो, आणि आपण संमती दिली की सगळी फाईल मूळ रूपावर आणतो. आपण घातलेली यादी एके दिवशी आपोआप नाहीशी झाली, अशी तक्रार असेल तर हे कारण पाहावे.

राहता राहिला मूळ प्रश्न: मुलांपासून घाणेरडी पाने दूर कशी ठेवावी? होस्ट्स फाईल फक्त त्या एका संगणकापुरती. मुलांच्या हातातल्या मोबाईलवर तिचा काही परिणाम नाही. त्यापेक्षा राऊटरमध्येच बदल केलेला बरा. राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या दोन चौकटी असतात. त्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्रमांक घातले की त्या वायफायवरील सर्व यंत्रांसाठी अश्लील व घातक म्हणून नोंदलेली संकेतस्थळे बंद होतात. क्लाउडफ्लेअर या कंपनीची ही सोय एप्रिल २०२० पासून आहे व तिला पैसे पडत नाहीत. जुगाराची पाने तिने अडत नाहीत. त्यांपैकी ज्यांचा उपद्रव आहे अशी दहा-वीस नावे होस्ट्स फाईलमध्ये ०.०.०.० लावून लिहिली तर संगणकावर काहीच भार पडत नाही. मंडळाच्या संगणकावर सध्या अशा चौदा ओळी आहेत. प्रत्येक ओळीच्या वर हॅश देऊन ती कोणी व कोणत्या तारखेस घातली ते लिहिले आहे, आणि मुलांच्या दाखल्यांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढून चिटणीसांच्या कपाटात ठेवली आहे.